बिदरमार्गे फ्रान्स

बैलाला ‘मेर्सी’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. मास्तर गाडीतून उतरायचे, धोतर झटकायचे, गाडीवानाकडं न बघता पुढं जाऊन बैलाच्या वशिंडावर थाप मारायचे आणि म्हणायचे, “मेर्सी, राजा.” गाडीवानाला राग यायचा. “मास्तर, हाकलं मी आन् तुम्ही त्याला काय म्हनायलाव?” मास्तर शांतपणे सांगायचे, “तुला भाडं मिळालं. त्याचे आभार कोण मानतंय?” काही वर्षांनी असं झालं, की कल्याणीतले निम्मे गाडीवान बैल सोडताना आपोआप ‘मेर्सी’ म्हणायला लागले. बाहेरगावच्या एका गाडीवानानं तर तो बैल जागेवर उभा करायचा मंत्र समजून पाठ करून नेला.

मी तेव्हा कल्याणीच्या शाळेत नवा नवा लागलो होतो. मास्तरांमधला सगळ्यात धाकटा मीच. हे मास्तर इतिहास-भूगोल शिकवायचे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. गावात कुणालाही विचारा, ‘फ्रान्स मास्तर’ म्हणूनच घर दाखवायचे. निजामाचं राज्य, त्यामुळं शिकवणं उर्दूत, रागावणं मराठीत आणि भाजीवालीशी घासाघीस कानडीत. आमच्या मुलखात ह्याचं कुणाला काही विशेष वाटत न्हवतं. मास्तरांची चौथी भाषा, फ्रेंच, तेवढी विशेष होती. पोरानं उत्तर बरोबर दिलं की त्यांच्या तोंडून ‘बों! बों!’, म्हणजे छान छान, निघायचं आणि शेजारच्या वर्गातले मौलवीसाहेब कपाळावर हात मारून घ्यायचे.

फ्रान्सला ते गेले होते ते काही शिकायला न्हाई. तरुणपणी कामाच्या शोधात सोलापूरला गेले, तिथं पहिल्या महायुद्धासाठी मजुरांची भरती चालली होती, लिहिता येणारा माणूस पाहिजे म्हणून हे मुन्शी झाले आणि बोटीत बसले. रस्ते करणं, लाकडं तोडणं, खड्डे भरणं ही त्या तुकडीची कामं. परत आले तेव्हा अंगावर एक घोंगडीएवढा जड ओव्हरकोट होता, आणि तो त्यांनी पुढं मरेपर्यंत वापरला. चैत्रातसुद्धा! घामानं निथळायचे, पण काढायचे न्हाईत. मी एकदा विचारलं, “मास्तर, उकडत न्हाई का?” तर म्हणाले, “तिकडं इतकी थंडी खाल्लीय, ती अजून निघायलीय हळूहळू.”

समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला आमच्या मंडळींनी सरळ घरात घेतलं न्हवतं. प्रायश्चित्त झालं, गोमूत्र पाजलं, मुंडण केलं. मास्तर हे हसत हसत सांगायचे. “गोमूत्राची चव गेली बघा चार दिवसांत. त्या म्हातारीच्या सूपाची चव काई गेली न्हाई.”

ही म्हातारी कोण, हे सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

तिकडं मास्तर तापानं आजारी पडले. दवाखान्यात जागा न्हवती, म्हणून जवळच्या खेड्यातल्या एका शेतकरणीच्या घरात त्यांना टाकलं. म्हातारी एकटी. तिला ह्यांचं कळत न्हाई, ह्यांना तिचं. पण रोज ती चुलीवर मोठं भांडं चढवायची, भाज्या उकळायची, त्यात शिळा पाव बुडवायची आणि ह्यांच्या तोंडाला वाटी लावायची. आणि हे खाल्ल्याशिवाय स्वतः घास घ्यायची न्हाई. मास्तर बरे झाले, थोडीफार भाषा आली, तेव्हा त्यांनी विचारलं, मी तुझा कोण, माझ्यासाठी एवढं कामून करतीस? ती म्हणाली, माझा पोरगा असाच कुठल्यातरी परक्या मुलखात लढायला गेलाय. तिथं कुणाच्यातरी दारात आजारी पडला असंल. मी तुला जेवू घालते, त्याला कुणीतरी घालेल. फिट्टंफाट.

ह्या ‘फिट्टंफाट’वर मास्तर नेहमी थांबायचे. फ्रेंच शब्द काय होता तो त्यांनी कधी सांगितला न्हाई. आपलाच शब्द वापरायचे. मग पोरं विचारायची, “मग तिच्या पोराला कुणी घातलं का, मास्तर?” मास्तर म्हणायचे, “ठाव न्हाई. तुकडी हलली. मला इचारता आलं न्हाई.” आणि फळा पुसायला वळायचे.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली न्हवती. सूप कसं करतात ती. त्याचा त्रास सगळा इंदूला. इंदू त्यांची मुलगी, एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. घर तिच्याच हातात. ती बिचारी कांदा, गाजर, भोपळा, सापडेल ते उकळून आप्पांच्या पुढं ठेवायची. मास्तर एक चमचा घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “जवळ आलीस. पण हे न्हवं.” एकदा ती वैतागून म्हणाली, “आप्पा, एवढा समुद्र ओलांडून गेलाव, अन् चुलीपाशी बसून एवढं इचारून येता आलं न्हाई?” मास्तर मुकाट दुसरा चमचा घ्यायला लागले.

मास्तरांचा दुसरा मंत्र म्हणजे ‘उद्या न्हाई, आत्ता!’ तिकडं त्यांच्या तळापासून एक मोठं जुनं चर्च दिसायचं. रंगीत काचांच्या खिडक्या होत्या म्हणे, लांबून सुद्धा लखलखायच्या. बरोबरचे लोक रविवारी बघायला गेले. ह्यांचे जोडे फाटलेले होते. म्हणाले, उद्या बघू. त्याच दिवशी तोफांचा मारा झाला आणि चर्च खाली बसलं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्याच तुकडीला हुकूम आला. चर्चचे दगड आणि काचा टोपल्यांत भरून ह्यांनी रस्त्याचे खड्डे बुजवले. “मी ते चर्च बघितलं, पण टोपलीत,” एवढंच म्हणायचे.

तेव्हापासून बघण्यासारखं काही असलं की मास्तरांना दम निघायचा न्हाई. किल्ल्याच्या भिंतीवर सकाळचं ऊन एका कोपऱ्यात चांगलं पडतं, तर चालू तासातून वर्ग उठवून तिकडं न्यायचे. एकदा खुद्द तहसीलदारांचा टांगा अडवला. का, तर गटारावर आडवा टाकलेला दगड एका जुन्या देवळाचा खांब आहे आणि त्यावर नाचणारी बाई कोरलेली आहे. तहसीलदार वाकून गटारात बघायलेत, मास्तर ओव्हरकोटासकट गुडघ्यावर बसून चिखल पुसायलेत, आणि भोवती अख्खा बाजार! पण तो दगड दुसऱ्या आठवड्यात तिथून उचलून कचेरीच्या आवारात उभा राहिला, हेही खरं. वर्गातलं त्यांचं म्हणणं ठरलेलं: “दगडाला हात लावल्याबिगर इतिहास येत न्हाई. लावा हात. गालबी लावा.” मग ओळीनं सगळी पोरं तटाला गाल लावून उभी. येणारेजाणारे हसायचे.

आता मुद्द्यावर येतो. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे साहेब शाळा तपासायला आले, तेव्हा मास्तरांनी त्यांच्या हातात एक अर्जी दिली. मागणी अशी, की आमच्या शाळेची पोरं फ्रान्सला न्यावीत, तिथल्या घरांत ठेवावीत, तिथल्या इमारती दाखवाव्यात आणि तिकडची पोरं कल्याणीला आणावीत. पोरांची अदलाबदल. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं हसले. “मास्तर, फ्रान्स बहुत दूर है. बच्चों को बीदर ले जाओ.”

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. मास्तर उड्या मारत वर्गात आले. “हुकूम झाला! पहिल्यांदा बिदर!”

वर्षभर त्यांनी पोरांना फ्रान्सची तयारी करून घेतली होती. परक्या घरात शिरताना काय म्हणायचं, चमचा कसा धरायचा, म्हातारं माणूस उभं असताना बसायचं न्हाई. ती सगळी तयारी आता बिदरला लागू झाली. बिदरच्या शाळेत मास्तरांचे एक स्नेही होते. त्यांच्याशी ठरलं, की आधी त्यांची पोरं आमच्याकडं येतील, मग आमची त्यांच्याकडं. त्यांची पोरं सगळी मुसलमान घरांतली, आमची सगळी हिंदू घरांतली. “घरात राहायचं,” मास्तरांनी बजावलं. “धर्मशाळेत राहून मुलूख दिसत न्हाई.”

बिदरची पोरं आली. बशीर नावाचा एक किडकिडीत पोरगा आमच्या घरी आला. माझी आई अत्यंत कडक. सोवळं, ओवळं, उपास, सगळं. पण पाहुणा म्हटल्यावर तिनं काहीच कमी केलं न्हाई. तिनं विचार केला, हे दुसऱ्या धर्माचं लेकरू, ह्याला आपल्या हातचं चालायचं न्हाई, उगाच त्याचा धर्म बिघडायला नको. म्हणून अंगणात नवी चूल मांडली, नवीन मडकी आणली, आणि तांदूळ, डाळ, पीठ, तूप असा भरघोस शिधा त्याच्यापुढं ठेवला. गावातल्या प्रत्येक घरानं आपापल्या परीनं असाच मान राखला. म्हणजे पाहुणा आला की त्याला जेवायला न घालता स्वयंपाकाला बसवायचं!

बशीरनं जन्मात कधी चूल पेटवली न्हवती. आई ओट्यावर उभी राहून सांगायची. “फुंक की रं! फुंकणीतनं फुंक, डोळ्यात न्हवं!” पोरगं फुंकतंय, धूर त्याच्याच तोंडावर येतोय, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. शेवटी आईला बघवेना. पदर खोचून खाली उतरली, त्याच्या हातातली फुंकणी ओढून घेतली, आणि घटकेत वरण-भात, भाकरी करून त्याच्यापुढं ठेवलं. मी म्हटलं, “आई, हे कसं चाललं?” ती म्हणाली, “चूल त्याची, पीठ त्याचं. हात तेवढे माझे. ह्यात कसला आलाय धर्म?” पुढचे सगळे दिवस असंच चाललं. जाताना बशीर तिच्या पाया पडला आणि ती आत जाऊन उगाच डबे वाजवत बसली.

मास्तरांनी हा सगळा प्रकार घरोघर बघितला आणि फार उदास झाले. “तळं बघितलं, किल्ला बघितला, तोफ बघितली,” मला म्हणाले, “पर घर न्हाई बघितलं रे पोरांनी. अंगण बघून गेली.”

ह्याच दिवसांत इंदूचं लग्न ठरत आलं होतं. मादन हिप्परग्याचं स्थळ, जमीनजुमला, मुलगा शिकलेला. मुलाचे वडील बोलायला स्पष्ट. त्यांनी मास्तरांना समोर बसवून सांगितलं, “फ्रान्सचं आम्हाला कळलंय. प्रायश्चित्त झालंय, म्हणून आम्ही डोळेझाक करायलोय. पर दुसऱ्यांदा काई कानावर आलं, तर सुपारी परत. आमच्या घरात अजून दोन पोरी उजवायच्या हायेत.” मास्तरांनी मान डोलावली. गावानं सुद्धा त्यांना बजावलं, आता पोरीचं होईस्तोवर तुमचं फ्रान्स जरा बासनात बांधून ठेवा. इंदूला मुलगा आवडला होता. तिनं तसं कुणाला सांगितलं न्हाई, पण त्या दिवसांत ती सूप ढवळताना गुणगुणायची, हे मी स्वतः ऐकलंय.

आणि मग आम्ही बिदरला निघालो. गाड्यांतून, हुमनाबादवरून. गावाच्या मधोमध असलेल्या चौबाऱ्याच्या बुरुजापाशी उतरल्यावर आमच्या पोरांनी अत्तरवाल्याला, पानवाल्याला, हवालदाराला, सगळ्यांना एका सुरात ‘बों जूर’ म्हणून नमस्कार केला. हवालदारानं सावधगिरी म्हणून सलाम ठोकला. दिवसभर मास्तरांनी आम्हाला नुसतं पळवलं. किल्ल्याचे दरवाजे, रंगीन महालातलं शिंपल्याचं काम, भुयारातलं पाणी. जुन्या मदरशासमोर मात्र ते स्वतः थांबले. अर्धी इमारत केव्हाची पडलेली, एकच मिनार उभा, त्यावर निळ्या-पिवळ्या फरशा. पोरांनी न सांगता गाल लावले. मास्तर म्हणाले, “अर्धं हाय ते बघून घ्या. अर्धं तरी हाय.”

उतरायचं होतं बशीरच्या मोहल्ल्यात. मास्तर, मी आणि तीन पोरं बशीरच्याच घरी. बाकीची शेजारपाजारच्या घरांत. घरात बशीरची आजी, सगळे तिला दादीबी म्हणायचे. दारात पाऊल टाकलं आणि मी कपाळाला हात लावला. अंगणात नवी चूल! शेजारी नवी मडकी, सुपात तांदूळ, डाळ, पीठ, तूप. शेजारच्या अंगणात डोकावलो, तिथंही तेच. बिदरच्या पोरांनी घरी जाऊन सांगितलं होतं, की कल्याणीला पाहुण्याला चूल मांडून देतात, तीच तिकडची रीत आहे. म्हणून मोहल्ल्यानं मोठ्या आदरानं आमच्या रीतीप्रमाणं आमचा मान राखला होता!

बशीर मला कुजबुजला, “साब, मैंने बोला था दादी को, हाथ भी अपने लगाना. तुम्हारा धरम बिगड़ता बोलके उन्हों डरे.”

मास्तर चुलीसमोर बसले. सरपण ओलं होतं. ते फुंकायलेत, धूर होतोय, पोरं भुकेनं कळवळायलीत. तेवढ्यात त्यांची नजर ओसरीकडं गेली. दादीबी भिंतीला टेकून बसली होती. शेजारी झाकण घातलेलं पातेलं. आतून चिंचेचा, लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

मास्तरांनी विचारलं, “अम्मा, तुम्ही जेवलाव का?”

दादीबीला मराठी कळायची, बोलायची ती दखनी उर्दू. म्हणाली, “मेहमान भुका है तो मैं कैसा खाऊँ?”

मास्तरांनी फुंकणी खाली ठेवली. मी त्यांच्या अगदी जवळ होतो, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांना इंदू आठवली असणार, हिप्परग्याचे पाहुणे आठवले असणार. ते काही अविचारी माणूस न्हवते. चुलीतलं ओलं लाकूड त्यांनी ओढून बाजूला ठेवलं. मग उठले, हात धुतले आणि ओसरीवर जाऊन मांडी घातली.

“वाढा, अम्मा.”

दादीबी घाबरलीच. “नक्को मास्तर! बशीर बोला मेरेकू, तुम्हारे बच्ची का ब्याह है. लोगां क्या बोलते?”

“बोलू द्या,” मास्तर म्हणाले. “एका म्हातारीनं मला परक्या घरात खाऊ घातलं, मी खाल्ल्याबिगर ती खात न्हवती. तिच्या पोराला कुणी घातलं का न्हाई, मला अजून ठाव न्हाई. आन् आज तुम्ही माझ्यापायी उपाशी बसलाव. मी काय म्हणू? उद्या जेवतो म्हणू?”

आमची तीन पोरं पुढं सरसावली. मास्तरांनी त्यांना हातानं थांबवलं. “तुम्ही दूध-केळी खावा. तुमच्या आईबापाला इचारल्याबिगर तुमच्या पानात मी हात घालणार न्हाई.” माझ्याकडं बघून म्हणाले, “तूबी केळीच खा. तुझ्या घरी अक्का हाय.” माझ्या आईला ते अक्का म्हणायचे. मग दादीबीनं भात वाढला, त्यावर आंबट डाळ वाढली. त्यांच्याकडं त्या डाळीला खट्टं म्हणतात. मास्तरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि ओरडले, “बों!” दादीबी दचकली. आम्ही चौघं केळी खात त्यांच्याकडं बघत होतो. त्या खट्ट्याचा वास मला आजही आठवतो.

दुसऱ्या दिवसापासून पोरांची चूल मी सांभाळली. पण पोरांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? आम्ही परत पोचलो आणि चार दिवसांत बातमी हिप्परग्याला गेली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मास्तरांच्या घरी सगळे जमले. सगळ्यांचा सल्ला एकच, साफ नाकबूल करा. बशीरकडून निरोप आला होता, की दादीबी कुराणावर हात ठेवून सांगायला तयार आहे, मास्तर जेवले न्हाईत. माझ्या आईनं तर तयार उत्तरच दिलं. “मास्तर, म्हणावं चूल त्यांची, पीठ त्यांचं, हात माझे. ह्यात खोटं तरी कुठं फार हाय?”

मास्तर म्हणाले, “अक्का, त्या बाईनं भीत भीत वाढलं मला. आता मी जेवलोच न्हाई म्हणू? मग तिच्या ताटाचं काय झालं?”

“अन् पोरीच्या ताटाचं?” आई कडाडली. “तिचं काय?”

मास्तरांनी मागं वळून बघितलं. आतल्या दाराशी इंदू उभी होती. ती वळून चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. गूळ-पाणी झालं. मुलाच्या वडिलांनी सरळ विचारलं, “मास्तर, बिदरला मुसलमानाच्या घरी जेवलाव म्हणे. खरं का?” त्यांच्या आवाजात राग न्हवता. नाकारावं, अशीच त्यांचीही इच्छा असावी असं मला वाटलं.

“व्हय, जेवलो,” मास्तर म्हणाले. “खट्टं आन् भात. दोनदा घेतलं.”

दोनदा! हे काही सांगायची गरज होती का? पण तो माणूसच तसा. पाहुण्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, सुपारी पाटावर ठेवली, हात जोडले आणि निघून गेले. मुलानं एकदा मागं वळून बघितलं, एवढंच.

मग मास्तर आत गेले. ओव्हरकोट तसाच अंगावर. इंदूसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, तुझं वाटोळं केलं मी.” मी त्यांना फ्रान्सच्या, लढाईच्या कितीतरी गोष्टी सांगताना ऐकलं होतं, पण असा आवाज कधी ऐकला न्हवता. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटत होतं.

इंदू रडत होती. रडता रडता तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, “आप्पा, ते खट्टं कसं करायचं, ते तरी इचारून आलाव का?”

मास्तरांनी मान खाली घातली. “न्हाई गं. इसरलो.”

त्यानंतर दीडदोन वर्षं त्यांना कुणी पंगतीला बोलावलं न्हाई. मास्तर लग्नांना जायचे, आहेर करायचे, जेवायच्या वेळी उठून यायचे. मग मंडपाबाहेर एखाद्या पोराला पकडून त्याला खांबावरची नक्षी दाखवत बसायचे. बिदरची अदलाबदल मात्र बंद पडली न्हाई. दरसाल पोरं येत राहिली, जात राहिली. बशीर दर खेपेला आमच्याच घरी यायचा. तिसऱ्या खेपेपासून अंगणातली चूल मांडायची आई विसरायला लागली. मी तिला आठवण करून दिली न्हाई.

इंदूचं लग्न पुढं भालकीकडच्या एका शाळामास्तराशी ठरलं. तो बघायला आला आणि मुलीला दोन प्रश्न विचारून झाल्यावर दुपारभर मास्तरांकडून फ्रान्स ऐकत बसला. त्याच्या वडिलांनी अटी घातल्या न्हाईत. लग्नाचं बोलावणं इंदूनं आपणहून बशीरच्या हाती बिदरला धाडलं. हे मास्तरांनाही ठाऊक न्हवतं.

लग्न लागलं, पंगत बसली. माझी आई आणि तिच्याबरोबरच्या बायका एका ओळीला बसल्या होत्या, वाढपी भात घेऊन निघाले होते, आणि दारात गाडी थांबली. बशीरचा हात धरून दादीबी उतरली. काखेत एक गाठोडं. तिनं कुणाला त्रास नको म्हणून सगळं बरोबर आणलं होतं: पीठ, डाळ, चिंच, एक छोटं पातेलं. मांडवाच्या कडेला उभी राहून तिनं हळूच विचारलं, “चूल किधर लगाऊँ, बेटा?”

वाढपी जागच्या जागी थांबले. मास्तर हातात पळी घेऊन तसेच उभे राहिले. ‘उद्या न्हाई, आत्ता’ म्हणणारा तो माणूस पहिल्यांदाच थबकलेला मी बघितला. ह्या लेकीचं एक लग्न त्यांनी मोडलं होतं, आणि दुसऱ्याचे व्याही समोर पाटावर बसले होते.

पानावरून आई उठली. ती सरळ दादीबीपाशी गेली, तिच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं, माझ्याकडं फेकलं, आणि तिचा हात धरून आपल्या शेजारच्या पाटावर बसवत म्हणाली, “बस इथं. आमच्यात पाहुण्याला चूल पेटवायला लावत न्हाईत.”

मी बशीरकडं बघितलं. त्या पोरानं हसू दाबण्यासाठी तोंडावर रुमाल धरला होता.

दोन-तीन माणसं पानावरून उठून गेली. बाकीच्यांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांकडं बघितलं. त्यांनी बसल्या जागेवरून, “भात गार व्हायलाय की,” एवढंच म्हटलं. मग मास्तर पळी घेऊन पुढं आले. दादीबीच्या पत्रावळीवर वरण वाढताना त्यांनी निम्मं वरण जमिनीवर सांडलं. “फिट्टंफाट, अम्मा,” असं काहीतरी ते पुटपुटले, आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. मुंडावळ्या बांधलेली, हळदीनं पिवळी झालेली इंदू, नवऱ्याच्या शेजारून अर्धी उठून, पंगतीच्या ह्या टोकाला ओरडून विचारत होती, “दादीबी, खट्ट्यात चिंच आधी घालायची का मागनं?”

“बाद में, बेटी,” दादीबी घास हातात धरून म्हणाली. “दाल गलने के बाद.”